कळप पाणी पिईपर्यंत

म्हाळूआप्पा कुठल्याही ऑफिसात शिरताना वहाणा बाहेर काढून ठेवायचे. मग ते तलाठ्याचं ऑफिस असो, बँक असो, नाहीतर शिरूरच्या एसटी स्टँडामागचं माझं एका खोलीचं ऑफिस असो. "आप्पा, इथं सगळे चपला घालूनच येतात," असं म्हटलं की म्हणायचे, "येऊ देत की. जिथं सही करायची तिथं मी अनवानीच येनार."

दौंडच्या रजिस्ट्री ऑफिसात एकदा त्यांच्या करकरीत नव्या वहाणा कुणीतरी नेल्या. आम्ही सही करून बाहेर आलो तर पायरी मोकळी. मला राग आला. आप्पा पायरीकडे बघून म्हणाले, "गरज असंल एखांद्याला. आन् सही तर झाली न्हवं?" उन्हाने रस्त्यावरचं डांबर नुसतं उकळत होतं. मी टांगा थांबवला, तर त्यांनी माझी बॅग उचलून टांग्यात ठेवली आणि स्वतः घोड्याच्या बाजूने चालायला लागले. "जनावर ओढतंय आन् मी बसू? पाय हायेत की मला." टांगेवाला स्टँडपर्यंत हसत होता.

ती सही होती बर्फाच्या कारखान्याच्या खरेदीची. मेंढरांमागे हयात घालवलेल्या माणसाने बर्फाचा कारखाना घ्यावा, याचं आमच्या वडगाव रासाईत पुष्कळांना हसू आलं होतं.

मी त्याच गावचा. माझे वडील आणि आप्पा एका वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या एकाच तळावर, एकमेकांच्या भाकरी खात वाढलेले. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला बी.कॉम. मी झालो. हे मी मिरवून सांगतो, लपवत नाही. घरात वीज नव्हती तेव्हा मी जमाखर्चाची गणितं केली आहेत, आणि विक्रीकर सल्लागार म्हणून शिरूरला जी पाटी लावली ती कुणाच्या वशिल्याने लावलेली नाही. आप्पांना त्या पाटीचा माझ्याहून जास्त अभिमान होता. त्यांनी पुढे कधी माझं नाव घेतलंच नाही. भर बाजारातून हाक यायची, "ओ बीकॉम!" आणि भाजीवाल्या बायकासुद्धा वळून बघायच्या, की हे कोण नवीन आडनाव.

आप्पा ठेंगणे, काळे, पटका किंचित डावीकडे कललेला. हातात शिसवीची काठी. बोलताना ती काठी समोरच्याच्या पायापुढे टेकवायची सवय होती. जणू तो माणूस बाजूला पांगेल आणि त्याला परत वळवून आणावं लागेल.

कारखान्याची ओळख मेंढरांपायीच झालेली. एका उन्हाळ्यात ते दौंडजवळ कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायला घेऊन आले होते. उन्हाच्या तडाख्याने एक मेंढी आडवी झाली. आप्पा तिला खांद्यावर घेऊन रेल्वेलाईनजवळच्या बर्फ कारखान्यात शिरले. मालक दादाशेट दारातच लाकडी खुर्चीवर बसलेले. त्यांनी काही न विचारता कामगाराला हाक मारली आणि फुटलेल्या लादीचे तुकडे गोणपाटात घालून मेंढीच्या मानेला बांधायला लावले. मेंढी उठली. त्यानंतर आप्पा त्या बाजूला गेले की दादाशेटना भेटल्याशिवाय परतायचे नाहीत.

नव्वदनंतर आमच्याकडे चराईची राने उसाखाली गेली. जिकडे बघावं तिकडे पाटाचं पाणी आणि उसाचे वाढे. त्याच सुमारास दादाशेट थकले. मुलं पुण्याला नोकरीला, त्यांना बर्फात रस नव्हता. आप्पा एक दिवस माझ्या ऑफिसच्या दारात अनवाणी उभे राहिले आणि म्हणाले, "बीकॉम, मेंढरं इकतो. दादाशेटचा कारखाना घिऊ. कागुद तू कर."

मेंढरं विकली त्या दिवशी मी गावाला होतो. पाटसच्या बाजूच्या एका माणसाने सगळा कळप घेतला. आमच्यात एक रीत आहे. आता कुणी पाळत नाही, आप्पांच्या घराने ती शेवटपर्यंत पाळली. कळप विकणारा माणूस कळपाच्या मागून नव्या मालकाच्या ठिकाणापर्यंत चालत जातो. तिथल्या पाण्यावर कळप पाणी पिईपर्यंत थांबतो. कळपाने तिथलं पाणी घेतलं की तो त्या जागेचा झाला. मग विकणाऱ्याने निघायचं, आणि निघाल्यावर मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर मेंढरं मागे येतात.

मी हौसेने बरोबर गेलो. नव्या मालकाच्या ओढ्यावर मेंढरं पोचली, पण तोंड लावेनात. नुसती आप्पांकडे बघत उभी. आप्पा पाण्यात उतरले, ओंजळीने स्वतः प्याले आणि ओठ मुडपून एक बारीक शीळ घातली. एक मेंढी पुढे झाली, मग सगळी. ओढ्याच्या काठावर नुसता पाणी पिण्याचा आवाज. आप्पा काठावर चढले आणि चालायला लागले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "बीकॉम, तू बगितलंस का रं मागं?" मी हो म्हणालो. "मंग सांग, प्यालीत का समदी?" मी म्हणालो, "प्याली."

कागद मी मनापासून केले. आजही कुणी काढून बघावेत.

मी त्यांना समजावलं, "आप्पा, धंदा घ्यायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे चालता धंदा घ्यायचा. त्यात नाव, गिऱ्हाईक, कामगार, देणंघेणं, सगळं आलं. दुसरी म्हणजे नुसत्या वस्तू घ्यायच्या, यादी करून. चालता धंदा घेतला तर मागच्या मालकाचा राहिलेला कर सरकार तुमच्याकडूनही वसूल करू शकतं. वस्तू घेतल्या तर तुम्ही नवे, तुमचा धंदा नवा. दादाशेटच्या मागच्या काही वर्षांची विक्रीकराची तपासणी अजून व्हायची आहे. ती वर्षानुवर्षं रखडते. काय निघेल ते त्यांनाही ठाऊक नाही. म्हणून आपण यादीने घ्यायचं."

यादी मी वाचून दाखवली. कॉम्प्रेसर, मोटर, गॅसच्या नळ्या, मिठाच्या पाण्याची टाकी, बर्फाचे डबे, डबे उचलायचा हातपाळणा. आप्पा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते.

"रामनरेश कुठं हाय यात?"

रामनरेश म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारा, तरुणपणी उत्तरेकडून आलेला आणि दादाशेटच्या पदरी राहिलेला. त्याच्याखाली आणखी दोघं होते.

"माणूस यादीत घालता येत नाही, आप्पा. दादाशेट त्यांचा हिशेब देऊन मोकळं करतील. मग तुम्ही त्यांना नव्याने कामावर घ्या. पत्र मी तयार केलंय."

"म्हंजी आज सांच्याला त्यो परका आन् उद्या सकाळी माजा?"

"कागदावर."

"कागुद लई शाना झाला की रं," आप्पा म्हणाले, आणि अंगठ्याने मिशी पुसत हसले.

जागा आणि शेड यांचं खरेदीखत वेगळं, त्याला मुद्रांक. यंत्रांचं बिल वेगळं, त्याला विक्रीकर. बँकेचा बोजा नाही, वीजबिल बाकी नाही, नगरपालिकेची घरपट्टी भरलेली, सगळ्याचे दाखले घेतले. दादाशेटनी आपला विक्रीकराचा नंबर परत करायचा, आप्पांनी आपल्या नावाने नवा घ्यायचा. रजिस्ट्रीतल्या साहेबांनी शंका काढली, की कॉम्प्रेसर फाउंडेशनला घट्ट बसवलाय, मग तो जमिनीचाच भाग नाही का? त्यालाही मुद्रांक लागेल. मी उत्तर द्यायच्या आत आप्पाच म्हणाले, "साहेब, बोल्ट काडलं की निघतोय त्यो. मेंढरू खुट्ट्याला बांदलं म्हनून काय जमिनीचं व्हतंय?" साहेब हसले आणि कागद पुढे सरकवला. वहाणा गेल्या त्या याच दिवशी.

मी आप्पांना दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. पाटी बदला. आणि कामगारांना पत्रं द्या, सही घ्या. नवी पाटी मी स्वतः शिरूरच्या पेंटरकडून रंगवून आणली होती. 'बिरोबा आइस फॅक्टरी', निळ्यावर पांढरी अक्षरं.

ताबा घ्यायच्या दिवशी मी ती पाटी एसटीच्या टपावर टाकून न्हावरा, चौफुला करत दौंडला पोचलो. आप्पांनी कारखान्याच्या दारातच वहाणा काढल्या. "इथं कसली सही?" मी विचारलं. "इथं जितं हाय," ते म्हणाले आणि आत गेले. कॉम्प्रेसर धडधडत होता. आप्पांनी काठीचं एक टोक त्याच्या अंगावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. रामनरेश चमकला आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून म्हणाला, "अरे, ये तो मेरा तरीका है! मैं पेचकस लगाता हूँ।" आप्पा म्हणाले, "मेंढीच्या पोटाला कान लावल्यावानी लागतंय बग." त्या दिवसापासून रोज सकाळी कारखान्यात दोघं दोन बाजूंनी यंत्र ऐकत उभे दिसायचे. नंतर एकमेकांकडे बघून मान हलवायचे. त्यांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, आणि तेवढ्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

मग आप्पांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला. आधी यंत्राला लावला, मग रामनरेश आणि त्या दोघांच्या कपाळाला. मूठ तशीच वर धरून म्हणाले, "भंडारा उचलून सांगतो. शेटजवळ तुमची जी वर्सं गेली, ती माज्याजवळच गेली. एक दीस कमी धरनार न्हाई."

भंडारा उचलणं म्हणजे आमच्यात बिरोबाची शपथ. ती काय असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. त्यापुढे माझ्या पत्रांना काही अर्थ उरला नाही. सह्या मात्र झाल्या. तिघांनी हसत हसत केल्या.

दादाशेट बाजूला उभे होते, टोपी हातात घेऊन. आप्पा त्यांना म्हणाले, "शेट, आमच्यात रीत हाय. कळपानं पानी घेतल्याबिगर इकनारानं जायचं नसतं." दादाशेट म्हणाले, "अहो, हा कळप पाणी पितो कुठं?" आप्पांनी बाहेर बोट दाखवलं. गॅस थंड करायच्या नळ्यांवरून तिथे पाणी झिरपत होतं. ते रात्रंदिवस झिरपायचं. आप्पा बघत राहिले आणि एकदम मोठ्याने हसले. "ह्यो तर सारकाच पितोय की! शेट, तुमाला जाताच यायचं न्हाई आता."

आणि दादाशेट खरंच गेले नाहीत. त्यांची लाकडी खुर्ची दारात होती तिथेच राहिली. रोज सकाळी ते यायचे, पेपर वाचायचे, जुन्या गिऱ्हाइकांना नावाने हाक मारायचे. आप्पा स्वतः पोत्यावर बसायचे. खुर्चीला पाठ म्हणून लावली नाही. पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा वर 'दादाशेट बर्फ कारखाना' हीच पाटी.

"आप्पा, नवी पाटी कुठं आहे?"

"हाय की, वापरात हाय."

बर्फाच्या टाकीवर डबे झाकायला फळ्या असतात. एक फळी कुजली होती, तिच्या जागी माझी पाटी, अक्षरं खाली करून. मी तोंड उघडलं तेव्हा आप्पांनी काठी माझ्या पायापुढे टेकवली. "मानूस समुर खुर्चीवर बसलेला असताना त्याचं नाव खाली वढू? ह्ये मला सांगू नगंस, बीकॉम. त्येच्या माघारी बगू."

मी चिडून परत आलो. पण माणूस असा, की त्याच्यावर चिडणंही फार टिकायचं नाही.

दौंडमध्ये आप्पांचं नाव झालं ते मयताच्या बर्फावरून. कुणाच्या घरी मयत झालं आणि लांबचं माणूस यायचं असेल तर बर्फ लागतो. आप्पा त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. स्वतः हातगाडी घेऊन जायचे, लाद्या लावून द्यायचे आणि घरच्यांकडे न बघता परत यायचे. मी म्हणालो, "फुकट द्या, हरकत नाही, पण तयार झालेला माल विक्रीशी जुळला पाहिजे. विचारलं तर काय सांगू?" आप्पा म्हणाले, "लिव की, मेल्याला दिला. मेल्याकडं कर मागत्यात व्हय?" मी काय लिहिलं ते सांगत नाही, पण कायद्यात बसेल असंच लिहिलं.

दादाशेट गेले तेव्हाही पोरं पुण्याहून यायची होती. आप्पांनी दुपारभर स्वतः लाद्या बदलल्या. त्या वितळतात तशा पटापट बदलाव्या लागतात. रामनरेश बाहेर भिंतीला टेकून रडत होता. आप्पा त्याच्यावर ओरडले, "आरं, भुसा आन! रडतंय काय, शेट इरगळतील!" ते ओरडले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी दिवस झाल्यावर भेटायला गेलो. दारात खुर्ची तशीच होती, तिच्यावर पेपर ठेवलेला. पाटीचं मी विचारलं नाही. आप्पाच म्हणाले, "आता तर उतरवनं व्हनारच न्हाई रं." त्यांची बायको, सखूकाकी, वडगावलाच राहायची. ती मला म्हणाली, "तुजा आप्पा कारखाना न्हाई चालवीत, दुसऱ्याचा कळप राखतोय." हे तिने कौतुकाने म्हटलं की त्राग्याने, मला कळलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी दादाशेटच्या काळातली ती रखडलेली तपासणी पुरी झाली. दादाशेटनी लबाडी केली नव्हती. मासळीवाल्यांना दिलेल्या मालावर त्यांनी कमी दराने कर लावला होता, आणि तो दर त्यांना लागू नव्हता असं खात्याचं म्हणणं. त्यावर व्याज, त्यावर दंड. नोटीस दादाशेटच्या नावाने कारखान्याच्या पत्त्यावर आली. नोटिशीमागून निरीक्षक आले.

त्यांनी वर पाटी बघितली. फोनचा नंबर तोच. गिऱ्हाईक तेच. रामनरेशला विचारलं, "कितने साल से हो?" त्याने अभिमानाने पंधरा-सोळा वर्षांचा आकडा सांगितला. मग निरीक्षकांनी टाकीवरची फळी सहज उलटी केली, आणि माझी निळी पाटी वर आली. मिठाच्या पाण्याने अक्षरं पार खाल्ली होती.

खात्याने लिहिलं, की हा वस्तूंचा व्यवहार नाही. धंदा चालू स्थितीत घेतला आहे, सबब मागचा कर नव्या मालकाकडूनही वसूल होईल.

सुनावणी पुण्याला होती. आप्पा आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला आले. सकाळच्या एसटीत मी त्यांची तयारी करून घेत होतो. खिडकीबाहेर सणसवाडीचे कारखाने आणि भाड्याच्या खोल्यांच्या रांगा मागे पडत होत्या.

"साहेब विचारतील, धंदा घेतला की मशिनी घेतल्या. तुम्ही म्हणायचं, मशिनी घेतल्या. माणसं नवी लावली. खोटं नाही हे. कागद आहे माझ्याकडे, त्यांच्या सह्यांसकट."

"कागुद खोटा न्हाई," आप्पा म्हणाले. "तुजा कागुद कवाच खोटा नसतो."

"मग म्हणाल ना?"

आप्पा म्हणाले, "बीकॉम, मेंढरं त्या यंत्रात गेली माजी. त्ये गेलं तर माज्याकडं काय ऱ्हातंय, ह्ये तुज्यापेक्षा मला कळतंय." मला वाटलं, म्हणतील.

अधिकारी बाई होत्या. आप्पांच्या अनवाणी पायांकडे बघून त्यांनी शिपायाला विचारलं, "यांच्या चपला कुठे आहेत?" शिपाई म्हणाला, "बाहेर काढल्यात, मॅडम." त्यांनी आप्पांना खुर्ची दिली. मी माझी बाजू मांडली. यादी, खरेदीखत, नवा नंबर, कामगारांची पत्रं. बाई कागद बारकाईने वाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमचे सल्लागार म्हणतात त्यात तथ्य आहे. पाटी राहून गेली असेल, आपण समजू शकतो. मला फक्त तुमच्या तोंडून हवंय. आबा, तुम्ही मशीन घेतलं आणि ही माणसं नंतर नव्याने कामाला ठेवली, बरोबर?"

त्यांनी उत्तर जवळजवळ हातात ठेवलं होतं. फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

आप्पा उठून उभे राहिले. "बाईसाहेब, मेलेल्या मेंढराचं कातडं इकत घेत्यात, मोजून. मी कातडं न्हाई घेतलं. मी चालतं घेतलं, मानसांसकट. तशी आन घेतलीया मी त्यांच्या म्होरं."

"आबा, तुम्हाला याचा परिणाम माहीत आहे का?"

"ह्यानं सांगितलाय," माझ्याकडे काठी करून आप्पा म्हणाले. "लई चांगला सांगितलाय. त्याची काय चूक न्हाई."

बाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मूळ मालकाच्या वारसांचे पत्ते द्या निदान. त्यांच्याकडून काही भाग..."

"बाप गेलाय त्यांचा," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

बाहेर येऊन त्यांनी वहाणा घातल्या. मी तिथेच, जिन्यावर, इतक्या मोठ्याने बोललो की लोक बघायला लागले. मी म्हणालो, एक शब्द, आप्पा, एक शब्द! आणि तो खोटासुद्धा नव्हता! आप्पा ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "रामनरेशला मी कुन्या तोंडानं कॉम्प्रेसरपाशी हुबं करू रं, उद्या सकाळी?"

आम्ही अपील केलं. अपिलातही त्यांनी तेच सांगितलं.

मी त्या वेळी म्हणत होतो तेच आजही म्हणतो. सल्ला माझा बरोबर होता. शिरूरला आज कुणी गिरणी घेवो, छापखाना घेवो, वर्कशॉप घेवो, मी पहिली गोष्ट पाटी उतरवायला लावतो आणि माझ्या डोळ्यांसमोर उतरवतात का ते बघतो. लोक विचारतात, एवढी घाई कशाला? मी कायदा सांगतो. आप्पांचं सांगत नाही.

कर भरायला कारखाना विकावा लागला. घेणारा नदीपलीकडचा होता. त्याला जागा नको होती, ती दुसऱ्याने घेतली. त्याला फक्त यंत्र आणि डबे हवे होते, यादीने. त्याच्या सल्लागाराने केलेला कागद मी वाचला. अगदी चोख होता, मी केला असता तसाच. आप्पांनी एकदाच विचारलं, "रामनरेशला घेनार का?" तो माणूस म्हणाला, "माझी माणसं आहेत, काका." आप्पा म्हणाले, "बरं."

आलेल्या पैशातून त्यांनी आधी तिघांचे सगळ्या वर्षांचे पैसे चुकते केले, दादाशेटच्या वर्षांसकट. उरलं ते सरकारात भरलं. रामनरेश सणसवाडीला कुठल्याशा कंपनीत ठेकेदाराकडे लागला. जाताना तो आप्पांच्या पाया पडला आणि खिशातला पेचकस त्यांच्या हातात द्यायला लागला. आप्पांनी तो परत त्याच्या खिशात घातला. "तितं यंत्रं असतील की. ऐकत जा."

यंत्र उचललं त्या दिवशी मी गेलो होतो. आप्पा दारात आले, क्षणभर थांबले आणि वहाणा घालूनच आत गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. वीज तोडली होती. नळ्यांवरचं पाणी थांबलं होतं, नुसते पांढरे डाग. बोल्ट काढले, साखळ्यांनी कॉम्प्रेसर उचलला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला. दादाशेटची खुर्ची यादीत नव्हती, ती तिथेच राहिली.

ट्रॅक्टर हलला तसे आप्पा मागून चालायला लागले.

मला उशिरा समजलं. मी स्कूटर काढून हळूहळू मागे गेलो. त्यांचा उजवा गुडघा तेव्हा पार गेला होता. काठी टेकत, पाय ओढत चालत होते. ओझं जड म्हणून ट्रॅक्टरही रांगत होता. बाजारातल्या लोकांना वाटलं असेल, म्हातारा माल राखायला चाललाय. ड्रायव्हरने मागे बघून हाक मारली, "आबा, बसा की ट्रॉलीवर!"

"कळपावर बसत्यात व्हय रं?" आप्पा म्हणाले.

भीमेचा पूल लागला. उन्हात पाणी खाली चकाकत होतं. पुलापलीकडे चहाच्या टपरीपाशी ट्रॅक्टर वाफ टाकायला लागला. ड्रायव्हर उतरला, फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, टपरीवरून कॅन भरून आणला आणि ओतायला लागला.

आप्पा थांबले. जवळ गेले आणि बघत राहिले, पाणी वरून सांडेपर्यंत.

"भागली का तहान?" त्यांनी विचारलं.

"भागली, आबा." ड्रायव्हर हसला.

आप्पांनी शिसवीची काठी त्याच्या हातात दिली. "तुज्या मालकाला दे. म्हनावं, सकाळचं कानाला लावून ऐकत जा. आवाज बदलला तर आधी तेल बग म्हनावं."

मग ते वळले आणि पुलावरून माझ्याकडे यायला लागले. काठी नव्हती म्हणून कठडा धरून. मी स्कूटरवरून उतरलो आणि म्हणालो, "आप्पा, बसा मागे." त्यांनी हाताने नको म्हणून खूण केली. माझ्या जवळून जाताना म्हणाले, "तू बग मागं. समदं नीट गेलं का ते."

मी बघितलं. त्या वर्षी दिवाळीनंतर ते गेले. त्याच्या आधी दोन-तीनदा गावी भेट झाली असेल, पण माझ्यासाठी शेवटची भेट पुलावरचीच.

त्या दिवशी पुलावर आमच्या मागे ट्रॅक्टर सुरू झाला. आवाज आला तसे आप्पा जागच्या जागी उभे राहिले. मान वळवली नाही. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते तसेच उभे होते, मग कठडा धरून चालायला लागले.